परिषद कोणत्या नगरात भरवावी?
(आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक परिषदेच्या स्थळनिवडीचा एक अभ्यास)

प्रास्ताविक

आपल्या समाजातील संस्थांचा परदेशातील बौद्ध संस्थांशी संबंध पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढला आहे. जपान, तैवान, थायलंड, श्रीलंका, नेपाळ येथील कार्यकर्ते आपल्याकडे येतात, आपले तरुण तिकडे शिकावयास जातात. साहजिकच 'आपणही एकदा आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी' असा विचार सभासदांच्या बैठकीत निघतो. तो निघाला की चर्चा होते ती उद्घाटक कोण, सभागृह कोणते आणि निमंत्रणपत्रिका कशी छापावी याची. नगर कोणते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. पदाधिकारी जेथे राहतात ते, किंवा जेथे मोठे वातानुकूलित सभागृह मिळते ते, असे त्याचे उत्तर न बोलताच ठरून गेलेले असते.

प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. येथे परिषद म्हणजे स्वयंसेवकांची परिषद, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. स्वयंसेवक म्हणजे पगार न घेता बालवाडी चालविणारी भगिनी, वसतिगृहातील मुलांचा अभ्यास घेणारा शिक्षक, ग्रंथालय उघडून बसणारा निवृत्त कामगार, रक्तदान शिबिरात धावपळ करणारा विद्यार्थी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर पाणी व भोजन वाटणारा तरुण. त्याला कोणतीही कंपनी तिकीट काढून देत नाही, कोणतेही विद्यापीठ प्रवासभत्ता देत नाही. रजा घेतली तर अनेकांचा रोज बुडतो. अशा माणसांची परिषद भरवावयाची असेल तर स्थळाची निवड ही वस्तुतः प्रतिनिधींचीच निवड ठरते. महागडे व आडबाजूचे नगर निवडले की कोण येणार नाही हे त्याच दिवशी ठरते. पुढे निमंत्रणपत्रिकेवर 'सर्वांचे हार्दिक स्वागत' असे कितीही ठळक अक्षरात छापले तरी त्यात बदल होत नाही.

हा प्रश्न नवा नाही. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर संघासमोर जी पहिली व्यवस्थेची बाब आली ती हीच होती.

राजगृहाची निवड

तथागतांचे महापरिनिर्वाण कुशिनारा येथे झाले. हे मल्लांचे लहानसे नगर होते. इतक्या लहान गावी तथागतांनी देह ठेवू नये, चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कोसंबी, वाराणसी अशी मोठी नगरे आहेत, असे भदन्त आनंदांनी विनविल्याची हकीकत महापरिनिब्बाण सुत्तात आहे. पुढे धम्म व विनय यांचे संगायन करण्याचे ठरले तेव्हा महाकाश्यपांच्या नेतृत्वाखाली ५०० भिक्खू निवडण्यात आले. केवळ भावनेचा विचार केला असता तर कुशिनारा हेच स्थळ सुचले असते, असे आम्हांस वाटते. परंतु थेर भिक्खूंनी राजगृह निवडले. त्याचे कारण विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन शब्दांत सांगितले आहे: राजगृह हे 'महागोचर' होते आणि 'पहूतसेनासन' होते. म्हणजे तेथे भिक्षेसाठी विस्तीर्ण क्षेत्र होते आणि शयनासनाची, निवासाची विपुल सोय होती.

या दोन शब्दांचा विद्यार्थ्यांनी नीट विचार करावा. ५०० भिक्खू एखाद्या गावात महिनोन्महिने राहिले तर रोज ५०० पात्रे भरावी लागतात. लहान गाव श्रद्धेने ती भरील, पण त्या गावातील गरिबाच्या घरची चूल त्यामुळे अडेल. म्हणून थेरांनी गावाची श्रद्धा पाहिली तशीच त्याची शक्तीही पाहिली. इतकेच नव्हे, तर त्या वर्षावासात निवडलेल्या भिक्खूंखेरीज इतरांनी राजगृहात वर्षावास करू नये असेही संघाने ठरविले. पहिला महिना मोडकळीस आलेल्या विहारांची डागडुजी करण्यात घालविला आणि मगच संगायनास आरंभ केला. आधी निवास, मग भाषण, हा क्रम आहे. पुढील काळातील ग्रंथांनुसार राजा अजातशत्रूने वेभार पर्वताच्या सप्तपर्णी गुंफेजवळ मंडप उभारून दिला. पण नगर ठरले ते मंडपावरून नव्हे, अन्न व निवारा यांवरून.

दूरच्यांसाठी नियम बदलला

विनयपिटकातील दुसरा दाखला आपल्याला अधिक जवळचा आहे. अवंती व दक्षिणापथ हा मध्यदेशाबाहेरचा प्रदेश. तेथे महाकच्चान थेर राहत असत. सोण कुटिकण्ण नावाच्या उपासकास उपसंपदा हवी होती. उपसंपदेसाठी १० भिक्खूंचा संघ लागे. आणि त्या भागात भिक्खू इतके थोडे होते की १० जण जमविण्यास ३ वर्षे लागली. पुढे सोण श्रावस्तीस जाऊन भगवंतांना भेटला तेव्हा त्याने आपल्या आचार्यांचा निरोप सांगितला. भगवंतांनी सीमावर्ती जनपदांसाठी विनयधरासह ५ भिक्खूंच्या संघाने उपसंपदा देण्यास अनुमती दिली. तेथील जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असते म्हणून अनेक पदरी वहाणा वापरण्यासही अनुमती दिली. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात चालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास या अनुमतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

यातून निघणारे तत्त्व असे: जो केंद्रापासून दूर आहे त्याने नियम पुरे करण्यासाठी झिजावे, अशी अपेक्षा भगवंतांनी केली नाही, नियम त्याच्यापर्यंत पोहोचविला. परिषदेच्या बाबतीत हेच तत्त्व लावावयाचे आहे.

तिसरा दाखला महाप्रजापती गौतमीचा. कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत ती शाक्य स्त्रियांसह पायी चालत आली. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले, अशा अवस्थेत ती कूटागारशाळेच्या द्वाराबाहेर उभी राहिली. तिला आत येण्याची वाट आनंदांच्या मध्यस्थीने मिळाली. इतका प्रवास करून आलेली स्त्री दाराबाहेर उभी आहे, हे चित्र प्रत्येक स्वागत समितीने डोळ्यांसमोर ठेवावे. आजच्या परिषदेत दार बंद नसते. पण राहण्याची सुरक्षित जागा नसेल, लहान मुलाला घेऊन बसण्याची सोय नसेल, तर अनेक भगिनींसाठी ते बंदच असते.

१९५० ते १९५६ च्या जागतिक परिषदा

आधुनिक काळाकडे वळू. २५ मे १९५० रोजी श्रीलंकेतील कँडी येथे डॉ. मललसेकर यांच्या पुढाकाराने जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची स्थापना झाली. २७ देशांचे प्रतिनिधी त्या वेळी जमले होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर या प्रसंगी श्रीलंकेत उपस्थित होते. दुसरी परिषद १९५२ मध्ये टोकियोस, तिसरी डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला आणि चौथी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूस भरली. रंगून व काठमांडू या दोन्ही परिषदांना बाबासाहेब प्रकृती ठीक नसतानाही गेले.

रंगूनमध्ये त्याच सुमारास, मे १९५४ ते मे १९५६ या काळात सहावी संगीती झाली. तिच्यासाठी पंतप्रधान ऊ नू यांच्या सरकारने सप्तपर्णी गुंफेची आठवण म्हणून एक विशाल मानवनिर्मित गुंफा बांधली. काठमांडूच्या निवडीचे महत्त्व निराळ्या प्रकारचे आहे. १९४४ मध्ये राणा राजवटीने थेरवादी भिक्खूंना नेपाळबाहेर घालविले होते. १९५१ मध्ये ती राजवट संपली आणि १९५६ मध्ये त्याच काठमांडूत जगभरचे बौद्ध जमले. धम्मदीक्षेनंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांत, २० नोव्हेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर १६ दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. भारत व नेपाळ यांच्यातील १९५० च्या तहामुळे भारतीयांना नेपाळात जाण्यास व्हिसा लागत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या परिषदांचा आदर्श घेताना एक फरक विसरता कामा नये. त्यांतील काहींच्या पाठीशी राजसत्ता होती. आपल्या पाठीशी सभासदांची वर्गणी आहे. सरकारने बांधलेली गुंफा पाहून आपण लाखो रुपयांचे सभागृह भाड्याने घेतले, तर आपण त्या परिषदांचे बाह्यरूप घेतले, सार घेतले नाही, असे म्हणावे लागेल.

नागपूरचा धडा

वर्गणीवर उभ्या राहिलेल्या समाजाचा खरा आदर्श नागपूरचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले, याचे उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. नाग लोकांनी धम्माचा प्रसार केला, त्यांची ही भूमी, हे त्यांनी सांगितलेले कारण सर्वांना विदित आहे. स्थळाला इतिहासाचा अर्थ असावा, हे त्यावरून आपण शिकतो.

त्याबरोबर नागपूरचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. विदर्भातील भंडारा, चांदा, वर्धा, अमरावती येथील माणसे रेल्वेने, बैलगाडीने आणि कित्येक पायी तेथे पोहोचू शकली. श्रद्धानंद पेठेतील मोकळे मैदान पुरेसे मोठे होते. भारतीय बौद्धजन समितीच्या कार्यकर्त्यांनी व्यवस्था पाहिली, वस्त्यांतील घरांनी पाहुण्यांना जागा दिली, येणाऱ्यांनी भाकरी बांधून आणली. दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशाचे, कुशीनगरला राहणारे. म्हणजे इतिहासाचा अर्थ, पोहोचण्याचा मार्ग, मोकळी जागा आणि स्थानिक कार्यकर्त्यांचे बळ या चारही गोष्टी एकाच नगरात होत्या. लाखो गरीब माणसे आली ती यामुळे.

साक्यधीतेचे उदाहरण

आजच्या काळातील एक आंतरराष्ट्रीय उदाहरण घेऊ. 'साक्यधीता' ही बौद्ध स्त्रियांची जागतिक संघटना १९८७ मध्ये बुद्धगयेस झालेल्या परिषदेतून जन्मास आली. भिक्खुणी, अनागारिका व उपासिका यांच्या स्वयंसेवी श्रमावर तिच्या परिषदा चालतात. पुढील परिषदा कोठे झाल्या पहा: १९९१ बँकॉक, १९९३ कोलंबो, १९९५ लडाख. त्यानंतर नॉमपेन्ह, लुंबिनी, तैपेई, सोल, क्वालालंपूर, उलानबातर, हो चि मिन्ह नगर, पुन्हा बँकॉक, २०१३ मध्ये वैशाली, २०१५ मध्ये योग्यकर्ता. अलीकडे २०२३ मध्ये सोल आणि २०२५ मध्ये मलेशियातील कुचिंग.

या यादीत न्यूयॉर्क, लंडन, जिनिव्हा नाही. अमेरिका-युरोपातील अभ्यासक या संघटनेत पुष्कळ असूनही परिषद बहुतेक वेळा आशियात भरते. ज्या स्त्रियांचा प्रश्न चर्चेला आहे त्या जेथे राहतात तेथे परिषद नेली, तर त्या चर्चेत बसतात. नाही तर त्यांच्याविषयी इतर लोक निबंध वाचतात. शिवाय परिषद फिरती असल्याने लांबच्या प्रवासाचे ओझे दर वेळी एकाच देशावर पडत नाही. वैशालीची निवड झाली तेव्हा महाप्रजापती ज्या नगरीच्या दाराबाहेर उभी राहिली होती तेथेच देशोदेशींच्या भिक्खुणी बसल्या. यापरता स्थळाचा अर्थपूर्ण उपयोग कोणता असेल?

निवडीच्या कसोट्या

वरील दाखल्यांवरून आम्ही पुढील सहा कसोट्या मांडतो.

१) प्रवेशाचा परवाना. आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिला अडसर व्हिसाचा असतो. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या अनुभवांवरील आपल्या आठवणींना 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव दिले होते, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही. अंतर थोडे म्हणजे पोहोचणे सोपे, असे नसते. चितगाव भागातील बौद्ध बांधवांना नकाशावर बुद्धगया जवळ आहे. परंतु ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशी नागरिकांना भारताचा व्हिसा मिळणे बराच काळ अवघड झाले. म्हणून कोणत्या देशाच्या प्रतिनिधीला कोठे व्हिसा मिळतो, किती दिवसांत व किती शुल्काने, याचे कोष्टक प्रथम तयार करावे. नियम वारंवार बदलतात, तेव्हा ते वकिलातीकडून ताजे करून घ्यावे.

२) एकूण खर्च. येथे हिशेबाची एक मोठी गफलत होते. समजा, 'क' नगरात सभागृह विनामूल्य मिळते, परंतु तेथे पोहोचण्यास प्रत्येक प्रतिनिधीस सरासरी ६,००० रुपये जास्त लागतात. 'ख' नगरात सभागृह व स्वयंपाकघराचे भाडे ३ लाख रुपये आहे, पण प्रवास स्वस्त आहे. प्रतिनिधी २०० असतील तर 'क' नगरामुळे प्रतिनिधींच्या खिशातून १२ लाख रुपये जादा जातात. समितीच्या वहीत मात्र 'क' नगर ३ लाखांनी स्वस्त दिसते, कारण प्रतिनिधींचे १२ लाख त्या वहीत लिहिलेच जात नाहीत. प्रत्यक्षात समाजाचे ९ लाख रुपये अधिक खर्च झालेले असतात. म्हणून समितीचा खर्च आणि प्रतिनिधींचा खर्च एकत्र मांडल्याशिवाय नगरांची तुलना करू नये. बुडालेला रोज व रजेचे दिवस हाही खर्चच आहे.

३) निवास व भोजन. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. त्या समाजाच्या परिषदेत निवासाचा प्रश्न 'ज्याचा त्याने पहावा' असा सोडून देता येणार नाही. विहार, वसतिगृहे, शाळा व उपासकांची घरे मिळू शकतील असे नगर पंचतारांकित हॉटेलांच्या नगराहून आपल्यासाठी अधिक योग्य होय. भिक्खुसंघाचे भोजन मध्यान्हापूर्वी व्हावे लागते, काही देशांचे प्रतिनिधी शाकाहारी असतात, वृद्धांना पथ्य असते. या बाबी आधी विचाराव्यात.

४) अपंग, वृद्ध व माता यांची सोय. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. सार्वजनिक इमारतींत त्यांना सुलभपणे वावरता यावे, हा त्याचा एक हेतू आहे. समितीने सभागृह पाहण्यास जाताना चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका बंधूला किंवा भगिनीला बरोबर न्यावे. उतरंड आहे का, स्वच्छतागृहाचे दार पुरेसे रुंद आहे का, निवासापासून सभागृहापर्यंत वाहन जाते का, हे त्यांना ५ मिनिटांत कळते. भाषांतराची सोय हीही याच सदरात येते. इंग्रजी न समजणारा स्वयंसेवक सभागृहात बसूनही बाहेरच राहतो.

५) काळ. स्थळ व काळ यांचा विचार एकत्रच करावा लागतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असल्याने भिक्खूंच्या प्रवासाला मर्यादा येतात. नेपाळच्या डोंगरी रस्त्यांवर पावसाळ्यात दरडी कोसळतात. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्तास उशिरा धावतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि शेतीची कामे यांचेही कोष्टक ठेवावे.

६) स्थानिक बळ आणि मागे उरणारे कार्य. यजमान नगरात परिषदेपूर्वीपासून काम करणारी माणसे हवीत. परिषद संपल्यावर त्या नगरात काय राहील, हाही प्रश्न विचारावा. राजगृहात डागडुजी केलेले विहार उरले. आपल्या परिषदेनंतर एखाद्या वसतिगृहाची स्वच्छतागृहे दुरुस्त झालेली उरली, ग्रंथालयाला पुस्तके मिळाली, तर यजमान वस्तीला परिषदेचा भार वाटणार नाही.

चार स्थळांची तपासणी

या कसोट्या लावून आपल्या परिचयाची चार स्थळे पाहू.

नागपूर. भारतीय प्रतिनिधींसाठी सर्वांत सोयीचे. रेल्वे चारही दिशांनी येते, दीक्षाभूमी आहे, घरोघरी पाहुणा ठेवणारा समाज आहे. परंतु थेट परदेशी विमाने मोजकीच असल्याने बहुतेकांना दिल्ली वा मुंबईस उतरून पुढे यावे लागते. परदेशी प्रतिनिधींना परिषदेसाठीचा व्हिसा व त्यासाठी यजमान संस्थेची कागदपत्रे लागतात. परदेशातून देणगी घ्यावयाची तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते आवश्यक झाले. ही तयारी काही महिन्यांची आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात नगर भरून गेलेले असते, म्हणून तो काळ टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील दिवस घ्यावेत.

बुद्धगया. जगातील प्रत्येक बौद्धास येथे यावेसे वाटते. अनेक देशांचे विहार येथे असून त्यांत अतिथींना राहता येते. गया जंक्शन दिल्ली-हावडा मार्गावर आहे, आणि हिवाळ्यात बौद्ध देशांतून थेट विमाने गयेस येतात. अडचण अशी की हवा चांगली तेव्हाच यात्रेकरूंची गर्दी व खोल्यांचे दर चढलेले असतात. व्हिसाचा प्रश्न नागपूरप्रमाणेच.

लुंबिनी व काठमांडू. व्हिसाच्या दृष्टीने दक्षिण आशियासाठी हे स्थळ उदार आहे. भारतीयांना ओळखपत्र पुरते. सार्क देशांतील बहुतेकांना वर्षातील पहिल्या भेटीचा ३० दिवसांचा व्हिसा पोहोचल्यावर विनाशुल्क देण्याची नेपाळची प्रथा आहे. इतर बहुतेक देशांच्या नागरिकांनाही पोहोचल्यावर व्हिसा मिळतो. मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तेथून बसने सोनौली, सीमा ओलांडली की लुंबिनी जवळच. पासपोर्ट नसलेला आपला खेड्यातील स्वयंसेवकही आंतरराष्ट्रीय परिषदेला जाऊ शकतो, असे स्थळ याखेरीज क्वचितच सापडेल. भैरहवा येथे गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाला. तेथे कोणती विमाने नियमित येतात ते मात्र आधी तपासावे.

बँकॉक. विमानांची सोय उत्तम, जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे मुख्यालय तेथेच, विहार व बौद्ध विद्यापीठे आहेत. पूर्व आशिया, युरोप, अमेरिका येथील प्रतिनिधींना सोयीचे. पण भारत, नेपाळ, बांगलादेशातील स्वयंसेवकास पासपोर्ट व विमानाचे तिकीट यांवाचून गत्यंतर नाही. पदाधिकाऱ्यांची बैठक भरवावयास हे नगर चांगले. स्वयंसेवकांची परिषद भरवावयास आपल्या दृष्टीने महाग.

याखेरीज प्रत्येक निवडीला एक पर्यायी स्थळ ठरवून ठेवणे अगत्याचे आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेत आर्थिक संकट आले आणि इंधनासाठी रांगा लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. अशा घटना समितीच्या हातातील नसतात. पर्याय तयार ठेवणे मात्र तिच्या हातात असते.

निर्णय कसा घ्यावा?

आमची सूचना साधी आहे. समितीने प्रथम तीन प्रतिनिधी डोळ्यांसमोर आणावेत: सर्वांत गरीब, सर्वांत दूरचा आणि ज्याला चालणे-फिरणे सर्वांत कठीण आहे असा. उदाहरणार्थ, गडचिरोलीतील बालवाडी-सेविका, चितगाव डोंगरातील शिक्षक आणि कुबड्या वापरणारा एखादा ग्रंथपाल. प्रत्येक सुचविलेल्या नगरासाठी या तिघांचा घरापासून सभागृहापर्यंतचा प्रवास, दिवस, परवाने व रुपये कागदावर लिहावेत. ज्या नगरात हे तिघेही पोहोचतात तेथे बाकीचे पोहोचतातच. ज्या नगरात फक्त पदाधिकारी पोहोचतात, तेथे स्वयंसेवक परिषद भरत नाही.

त्यानंतर प्रतिनिधी शुल्क देशाच्या व व्यक्तीच्या ऐपतीप्रमाणे चढत्या क्रमाने ठरवावे, आणि सभागृहाची अनामत भरण्यापूर्वी प्रवास साहाय्य निधी बाजूला काढावा. हार-तुरे, स्मृतिचिन्हे व सजावट यांवरील खर्च त्या निधीत वळविला तर कोणाचाही सन्मान कमी होणार नाही.

समारोप

१९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर आपला समाज गेला तेव्हा प्रश्न पाण्याचा होता, त्याहून अधिक तो सार्वजनिक जागी सर्वांना येता येण्याचा होता. ज्या चळवळीचा आरंभ प्रवेशाच्या हक्कासाठी झाला, तिच्या परिषदेतून कोणी केवळ भाड्यापायी, व्हिसापायी किंवा पायऱ्यांपायी बाहेर राहू नये. स्थळ ठरविण्याची बैठक ही म्हणूनच कारकुनी बैठक समजू नये. भिक्षा व निवारा पाहून राजगृह निवडणाऱ्या थेरांनी ती धम्माचीच बाब मानली होती. आपल्या संस्थेने पुढील परिषदेचा विचार करताना हा आदर्श समोर ठेवावा, एवढीच विनंती.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) राजगृहाच्या निवडीची दोन कारणे सांगा व ती आपल्या गावास लावून पहा.
२) सोण कुटिकण्णाच्या प्रसंगातून दूरच्या प्रतिनिधीसंबंधी कोणते तत्त्व मिळते?
३) समितीचा खर्च आणि परिषदेचा एकूण खर्च यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा.
४) आपल्या वस्तीतील एका स्वयंसेवकाचा लुंबिनीपर्यंतचा प्रवास, दिवस व खर्च यांचा तक्ता तयार करा.
५) आपल्या विहारात चाकाच्या खुर्चीवरून प्रवेश करता येतो काय? नसल्यास कोणती दुरुस्ती लागेल ते लिहून संस्थेस द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!